कंदिलावरचा वारसा आणि कंदिलातला वारसा : अहिल्यानगर जिल्ह्यातील शालेय आकाशकंदील कार्यशाळांचा कलासमीक्षात्मक विचार

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीचा आठवडा हा महाराष्ट्रातील शाळांमध्ये आकाशकंदिलांचा आठवडा असतो. सहामाही परीक्षा आटोपलेली असते, अभ्यासाकडे कोणाचे फारसे लक्ष नसते आणि कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठा, जिलेटिन, घोटीव कागद, कात्री व डिंक बाहेर निघतो. या जुन्या उपक्रमाला अलीकडे दोन जोडण्या मिळाल्या आहेत. एक म्हणजे शाळेबाहेरच्या चित्रकाराला किंवा शिल्पकाराला पाचारण करून त्याच्या मार्गदर्शनाखाली कार्यशाळा भरविणे, आणि दुसरी म्हणजे कंदिलासाठी 'आपला वारसा' असा विषय नेमून देणे. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर असे आहे) अशा विषयासाठी सामग्रीची वाण नाही. भुईकोट किल्ला, चांदबीबी महाल, नेवाशाचा पैस, चौंडी, हरिश्चंद्रगड, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर अशी नावे कोणत्याही शिक्षकाच्या जिभेवर असतात.

या कंदिलांविषयी जे लिहिले जाते ते वृत्त असते, समीक्षा नसते. किती विद्यार्थ्यांनी भाग घेतला, कोण पाहुणे होते, पारितोषिके कोणाला मिळाली, एवढ्यावर विषय संपतो. मुलांच्या हातकामाची समीक्षा करू नये असा एक अलिखित संकेत आहे आणि तो योग्यही आहे. परंतु येथे समीक्षेचा विषय मुलांचे काम हा नाही. मुलांपुढे ठेवलेला नमुना, त्यामागची कल्पना आणि ती मांडणाऱ्या प्रौढांची कलादृष्टी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मुले जे दिले जाते ते मनोभावे करतात. म्हणूनच त्यांना काय दिले जाते याची तपासणी काटेकोरपणे व्हावयास हवी.

चित्र आणि उजेड

वारसा-विषयक शालेय कंदिलाचे सर्वसाधारण रूप परिचित आहे. पुठ्ठ्याची चौकोनी पेटी, वर झाकण, खाली झिरमिळ्या आणि चारही बाजूंवर एकेक चित्र. चित्र कधी छापील असते, कधी मुलाने पोस्टर कलरने किंवा स्केचपेनने रंगविलेले असते. दिवसा, शाळेच्या व्हरांड्यात दोरीवर टांगलेला असा कंदील छान दिसतो. छायाचित्रातही तो चांगला येतो. अडचण संध्याकाळी सुरू होते. आत दिवा लागला की जाड कागद आणि अपारदर्शक रंग उजेड अडवतात, चित्र काळवंडते, आणि पुठ्ठ्याच्या सांध्यांतून व वरच्या भोकातून प्रकाशाच्या रेघा बाहेर पडतात. कंदील ज्या वेळेसाठी करावयाचा त्याच वेळी तो आंधळा होतो. आत दिवा बसवलेले भित्तिपत्रक असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

हा दोष कौशल्याच्या अभावातून आलेला नाही. तो एका शिक्षणपद्धतीतून आलेला आहे. आपल्याकडे शालेय कलाशिक्षणाचा कळस म्हणजे एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे त्यांतील विषय मुलाचा हात तयार करतात यात शंका नाही. मात्र हे सारे काम कागदावर पडून परत येणाऱ्या उजेडाचे काम आहे. तेथे कागद पांढरा असतो आणि रंग चढवीत गेले की तो गडद होतो. कंदिलात उजेड कागदातून आरपार येतो. तेथे उजळपणा म्हणजे कागदाचा पातळपणा आणि अंधार म्हणजे कागदाचे थर. पतंगी कागदाचा एक थर, दोन थर, तीन थर असे चिकटविले तर एकाच रंगाच्या तीन छटा रंगाचा थेंबही न वापरता मिळतात. ही गोष्ट पाचवीतले मूल दहा मिनिटांत समजू शकते. परंतु तिच्यासाठी शिकविणाऱ्याने चित्राचा विचार बाजूला ठेवून उजेडाचा विचार करावा लागतो. बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू' या पाठ्यपुस्तकांनी कला व कार्यानुभव हे विषय एकत्र आणले, ही स्वागतार्ह बाब आहे. तरीही वर्गात प्रत्यक्ष काम सुरू झाले की कंदील हा चित्र लावण्याची एक जागा होऊन बसतो.

चित्राचा आणखी एक प्रश्न अधिक नाजूक आहे. ३१ मे २०२५ रोजी अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. जामखेड तालुक्यातील चौंडी हे त्यांचे जन्मगाव, आणि जिल्ह्याचे नवे नावही त्यांचेच; तेव्हा शाळांच्या कामात त्यांची प्रतिमा ठळकपणे येणे स्वाभाविक आहे. परंतु कंदील ही नाशवंत वस्तू आहे. तो दवात भिजतो, वाऱ्याने फाटतो, तुळशीच्या लग्नापर्यंत कसाबसा टिकतो आणि मग माळ्यावर किंवा कचऱ्यात जातो. आदराची प्रतिमा अशा वस्तूवर लावताना तिचे पुढे काय होणार, याचा विचार कोणी केलेला नसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अहिल्यादेवींचा वारसा चेहऱ्यात नसून बांधकामात आहे. घाट, विहिरी, धर्मशाळा, १७८० साली पुन्हा उभारलेले काशी विश्वेश्वराचे मंदिर हे सारे दगडी काम आहे. घाट म्हणजे पाण्याकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्या. पतंगी कागदाचे थर एकाखाली एक सरकवून लावले तर उजेडातच पायऱ्या उमटतात. असा कंदील पाहून कोणाला घाट ओळखू येईल, कोणाला येणार नाही. स्पर्धेच्या परीक्षकाला तो बहुधा ओळखू येणार नाही, आणि अडचण तेथेच आहे. आपल्या स्पर्धांत वारशाचे गुण कंदिलावरच्या मथळ्याला मिळतात.

मथळेही नेहमी बरोबर असतात असे नाही. 'चांदबीबीचा महाल' या नावाने जी इमारत मुले आवडीने काढतात ती चांदबीबीची नाही आणि महालही नाही. ती मुर्तजा निजामशाहाचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे. १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यापुढे भुईकोट किल्ला लढविणाऱ्या चांदबीबीची आठवण लोकांनी डोंगरावरच्या सर्वांत देखण्या इमारतीला जोडली, हे लोकमानसाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. ती लोककथा म्हणून सांगावी. पण शाळेच्या उपक्रमातून ती इतिहास म्हणून पुढे जाऊ नये. शहरात १९६० पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. कार्यशाळेपूर्वीची एक सकाळ तेथे घालविली तरी असे प्रमाद सहज टळतील.

अष्टकोन

गंमत अशी की, सलाबतखानाची ही कबर स्वतःच कंदिलाच्या घडणीची आहे. शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर उभी असलेली ही दगडी इमारत अष्टकोनी आहे, तीन मजल्यांची आहे, आणि तिच्या प्रत्येक बाजूला टोकदार कमानी आहेत. आतल्या दालनाभोवती सर्व बाजूंनी सोपा फिरतो. तीत नक्षीकाम जवळजवळ नाहीच. जे सौंदर्य आहे ते भरीव भिंत आणि मोकळी कमान यांच्या प्रमाणातून, म्हणजेच सावली आणि उजेड यांच्या वाटणीतून आलेले आहे. शहरालगतच्या फराहबागेची १५८३ साली पूर्ण झालेली वास्तूही बाह्याकाराने अष्टकोनीच. ती एकेकाळी पाण्याने भरलेल्या विस्तीर्ण तलावाच्या मधोमध उभी होती. अशा इमारतींचे छायाचित्र चौकोनी पेटीवर चिकटविणे म्हणजे इमारतीने जे सांगितले ते न ऐकता तिचे नाव तेवढे लिहून घेणे होय.

जुना घरगुती आकाशकंदीलही बहुधा आठ बाजूंचा असे. वेळूच्या कामट्या सारख्या मापाने तोडायच्या, त्यांचे चौकोन बांधायचे, चौकोन एकमेकांना जोडून सांगाडा उभा करायचा आणि उरलेल्या त्रिकोणी जागांना वेगळ्या रंगाचा कागद लावायचा. ही भूमिती मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेर भेटते. एकाच मापाचे दोन चौरस घ्यावेत, एक दुसऱ्यावर ठेवून पंचेचाळीस अंशांनी फिरवावा. आठ टोकांची चांदणी तयार होते आणि तिच्या पोटात समभुज अष्टकोन आपोआप मिळतो. चौरसाची बाजू ३० सेंटीमीटर असेल तर त्या अष्टकोनाची बाजू सुमारे १२.४ सेंटीमीटर भरते. हीच आकृती दाराबाहेरच्या रांगोळीत असते, इस्लामी वास्तूंच्या जाळीत असते. यादवकालीन मंदिरांच्या खांबांत खाली चौरस, मग अष्टकोन, मग वर्तुळ असा क्रम दिसतो. चौरस दालनावर गोल घुमट बसविताना निजामशाहीतील गवंड्यांनीही मध्ये अष्टकोनाचाच आधार घेतला. आठ कामट्या बांधून पाहिलेल्या मुलाला बागरोजातील अहमद निजामशाहाच्या चौरस कबरीवर घुमट कसा उभा राहतो, हे सांगावे लागणार नाही. निदान त्याला प्रश्न तरी पडेल. छायाचित्र चिकटविणाऱ्या मुलाला प्रश्न पडण्याचे काही कारणच उरत नाही.

यात केवळ कलाशिक्षणाचा नव्हे, सामाजिक स्वरूपाचाही एक मुद्दा आहे. १४९० साली वसलेल्या शहराचे आणि त्याच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली बदलले. अशा काळात 'आपला वारसा' या शब्दातील 'आपला' म्हणजे नेमका कोणाचा, हा प्रश्न वर्गात अवघडून उभा असतो. शिक्षक सुज्ञ असतात. ते चार बाजूंवर चार चित्रे देऊन समतोल साधतात आणि विषय मिटवतात. पण चित्रांचा समतोल हा मोजदादीचा समतोल असतो. कोणाचे चित्र पुढे, कोणाचे मागे, एवढाच त्याचा अर्थ उरतो. अष्टकोनाची मोजदाद करता येत नाही. तो रतनवाडीतही आहे, शाह डोंगरावरही आहे आणि आजीच्या रांगोळीतही आहे.

शब्दही हेच सांगतो. 'आकाश' संस्कृत, 'कंदील' अरबी 'किंदील'वरून आलेला आणि त्याच्याही मुळाशी युरोपातील जुना मेणबत्तीवाचक शब्द. 'धर्मसिंधु'सारख्या ग्रंथांत कार्तिकातील आकाशदीपाचे विधान आहे. त्या आकाशदीपाला दख्खनने 'कंदील' हा परका शब्द जोडला आणि दोघांचा जोड इतका एकजीव झाला की आज त्यात सांधा दिसत नाही.

कामटीचा वारसा

कागद आणि कामटी यांतून वास्तू उभी करण्याची एक परंपरा नगर शहरात शतकांपासून आहे, आणि ती शाळांच्या कार्यशाळांत कधीच येत नाही. ती म्हणजे मोहरमच्या ताबुतांची परंपरा. पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाने शाह ताहिरच्या प्रभावाने १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. त्याच काळात शाह ताहिरसाठी बांधलेले कोठल्याचे आवार आजही नगरच्या मोहरमचे केंद्र आहे. तेथील बारा इमामांच्या सवारीला मुसलमानांइतकेच हिंदूही येतात, नवस बोलतात, फेडतात. ताबूत म्हणजे करबलाच्या कबरीची प्रतिकृती. वेळूच्या चिपा, सुतळी, खळ, रंगीत कागद आणि बेगड यांतून घुमट, मिनार, कमानी, मजले उभे केले जातात. म्हणजे दगडाची इमारत कागदात कशी आणावी, वजन कसे कमी ठेवावे, मिरवणुकीच्या धक्क्यांत सांधा कसा टिकवावा, कागद ताणून कसा लावावा, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे या शहरातील काही हातांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. 'ऐतिहासिक वास्तूचा कंदील' करू पाहणाऱ्या कार्यशाळेला यापेक्षा जवळचा गुरू कोठे मिळणार?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ताबूत ही शोकाची आणि नवसाची वस्तू आहे. तिचा नमुना म्हणून मुलांकडून दिवाळीत लहान ताबूत करवून घेणे हे अज्ञानाचे लक्षण ठरेल. प्रश्न आकार उचलण्याचा नाही. ताबूत बांधणाऱ्या हाताला वर्गात आणण्याचा आहे. तो माणूस मुलांना कंदीलच बांधायला शिकवील, फक्त त्याची गाठ पक्की असेल.

दुसरा हात बुरुडाचा. नगरच्या सीमेवरच्या बुरूडगावाचे नाव तोंडी असणाऱ्या शहरात बुरूडकाम मात्र आठवडे बाजाराच्या एका कडेला सरकत गेले आहे. सुपे, टोपल्या, परड्या प्लास्टिकने गिळल्या. बुरुडाचे ज्ञान हे वेळूच्या स्वभावाचे ज्ञान असते. ओला वेळू कोठे चिरावा, पेर कोठे सोडावे, पाठ आणि पोट यांत कोणती बाजू वाकते आणि कोणती मोडते, कामटी ऊन दाखवून किती वाळवावी, हे पुस्तकातून कळत नाही. पुठ्ठ्याला असा स्वभाव नसतो. म्हणूनच तो शाळांना सोयीचा वाटतो. तो कापावा तसा कापला जातो आणि स्टेपलरने जोडला जातो. मुलाच्या हाताला काही विरोध होत नाही. विरोध न करणाऱ्या वस्तूकडून हात काय शिकणार?

जिल्ह्याच्या पश्चिमेकडील अकोले तालुक्यात तर वेळू दाराशी आहे. तेथील आदिवासी मुलांना कामटी तासण्याचे शिक्षण कोणी शहरातून येऊन देण्याची आवश्यकता नाही. उलट त्यांच्याकडून ते घ्यावे. वैशाख-ज्येष्ठात भंडारदरा परिसरात काजव्यांनी लगडलेली झाडे पाहायला शहरांतून माणसे लोटतात. अंधार राखल्याशिवाय उजेड दिसत नाही ही गोष्ट त्या गावांतील मुलांना पर्यटकांच्या गाड्यांचे दिवे पाहून पुरेपूर कळलेली आहे. कंदिलाचा विषय त्यांच्यापाशी काढला तर ती आपल्याला काही वेगळेच सांगतील असे वाटते. पण त्यांच्या शाळांतही कार्यशाळेबरोबर तोच छापील साचा पोहोचतो.

तेलाची नोंद

वारसा आणि दिवा यांचे नाते या जिल्ह्याने एका ठिकाणी अक्षरशः दगडावर कोरून ठेवले आहे. नेवाशाच्या ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका सांगितली असे परंपरा मानते, आणि शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० ही ज्या ग्रंथाची तिथी दिली जाते, त्या खांबावर एक संस्कृत लेख आहे. त्याचा आशय करवीरेश्वरापुढील अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. दुर्गा भागवतांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'पैस' या ललितलेखसंग्रहाला याच खांबाचे नाव दिले आणि मराठी वाचकाच्या मनात तो खांब कायमचा रोवला गेला.

हा लेख बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्यात दिव्याची स्तुती नाही. दिवा तेवत राहावा म्हणून तेल कोठून येईल याची व्यवस्था आहे. वारसा टिकविण्याची ही फार व्यवहारी आणि फार प्रगल्भ रीत आहे. पैस खांबाचे चित्र कंदिलावर रंगविणारे मूल दगडाचा एक राखाडी दंडगोल रंगविते. त्याला कोणी सांगितलेलेच नसते की हा खांब स्वतः दिव्याविषयी बोलतो. सांगितले असते तर कदाचित त्याने विचारले असते, आपल्या कंदिलाला रोज संध्याकाळी दिवा कोण लावणार, शाळेला सुट्टी लागल्यावर तो कोठे टांगायचा, पुढच्या वर्षी त्याचे काय करायचे. वारसा-शिक्षण म्हणून मला हे प्रश्न चारही बाजूंच्या चित्रांपेक्षा मोलाचे वाटतात.

कलावंत वर्गात येतो तेव्हा

कार्यशाळेसाठी बोलाविलेल्या कलावंतावर बहुतेकदा एक अवघड जबाबदारी पडते. त्याच्याकडे दोन-तीन तास असतात, समोर साठ-सत्तर मुले असतात आणि शेवटी फोटोसाठी सर्वांच्या हातात पूर्ण झालेला कंदील दिसावा अशी आयोजकांची अपेक्षा असते. मग तो नमुना घरून तयार करून आणतो, साचे कापून आणतो आणि मुले रेषेवर कापतात, खुणेवर चिकटवतात. साठ मुलांच्या हातात एकाच माणसाचे साठ कंदील असतात. यात कलावंताचा दोष कमी आणि वेळापत्रकाचा अधिक आहे. तथापि, समीक्षेने हे नमूद केले पाहिजे की अशा वेळी मूल हे मदतनीस ठरते आणि वारसा हा कच्चा माल ठरतो.

कलावंत आणि कंदील यांच्या भेटीचे एक निराळे उदाहरण जपानमध्ये सापडते. शिल्पकार इसामू नोगुची १९५१ साली गिफू या गावी गेला. तेथील कागदी कंदिलांचा धंदा उतरणीला लागला होता आणि त्याला नवे रूप द्यावे अशी त्याला विनंती करण्यात आली. तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा कागद, लाकडी साच्याभोवती गुंडाळलेली वेळूची बारीक काडी, साचा काढून घेतल्यावर घडी होणारा कंदील, ही तेथील बांधणी त्याने जशीच्या तशी ठेवली. बहुतेक कंदिलांवरून त्याने काढून टाकले ते चित्र. फुले, गवत, निसर्गदृश्ये गेली. राहिला पांढरा कागद, काडीच्या रेषा आणि आकार. 'आकारी' या नावाने त्याने शंभरांहून अधिक रूपे घडविली. या नावाच्या मूळ जपानी शब्दाचा अर्थ उजेड असा आहे. परंपरा जपण्यासाठी तिच्यावरचे चित्र पुसावे लागते, हा विरोधाभास आपल्या कार्यशाळांना बरेच काही शिकवू शकेल. अर्थात नोगुचीची वस्तू शेवटी श्रीमंत दिवाणखान्यांत जाऊन बसली, हेही विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील अल्व्हर्स्टन या छोट्या गावाचे. 'वेल्फेअर स्टेट इंटरनॅशनल' या कलावंतांच्या मंडळीने तेथे १९८३ साली कंदिलांची मिरवणूक सुरू केली. विलो झाडाच्या लवचीक काड्या, चिकटपट्टी आणि पातळ कागद एवढ्यावर गावकरी, मुले, शिक्षक आपापले कंदील बांधीत. कलावंतांनी नमुना दिला नाही, सांधा कसा बांधायचा ते दाखविले. त्यामुळे मासा, घर, जहाज असे काहीही निघू शकले. तेथील प्रथा कलावंतांनी नव्याने निर्माण केलेली होती. आपल्याकडे ती आधीच आहे, घरोघर आहे. नवा उत्सव निर्माण करण्याचे श्रम आपल्याला नाहीत, मग निदान सांधा तरी दाखवावा, एवढेच म्हणणे आहे.

या भूमिकेवर काही आक्षेप संभवतात. कामटी तासताना मुलांची बोटे कापतील, हा पहिला. तासण्याचे काम बुरुडाकडे आणि मोठ्या मुलांकडे ठेवून मोजणे, बांधणे, कागद ताणणे हे लहानांकडे देता येते. एका कंदिलाभोवती चार-पाच मुले बसली तर वेळही पुरतो. दुसरा आक्षेप असा की, चित्र नसेल तर पालकांना त्यात वारसा दिसणार नाही. हे खरे आहे, आणि पालकांना ते दाखवणे हाच कार्यशाळेचा शेवटचा तास असावा. अंधार पडल्यावर पालकांना बोलवावे, व्हरांड्यातले दिवे मालवावेत आणि कोणत्या कामटीमागे कोणती इमारत आहे ते मुलांनी सांगावे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बांधणीकडे वळणे ही नावांच्या आणि प्रतिमांच्या वादातून काढलेली पळवाट आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. चार चित्रे चिकटविणे सोपे आहे. कोठल्यातील ताबूत बांधणारा, आठवडे बाजारातील बुरूड आणि कलाशिक्षक यांना एका सतरंजीवर बसविणे कठीण आहे, आणि ते मुलांच्या देखत झाले तर त्यांना नागरिकशास्त्राचा वेगळा तास लागणार नाही.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ च्या निमित्ताने पारंपरिक हस्तकलांवर जो आधारपत्र तयार झाला, त्यात कारागिरांनाच शाळेत शिक्षक म्हणून आणावे असा आग्रह आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची आणि स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची तरतूद आली. कागदावर म्हणून सर्व काही आहे. प्रत्यक्षात कार्यशाळेच्या अंदाजपत्रकात कागद, डिंक, अल्पोपाहार, पाहुण्यांचा सत्कार आणि फलक यांसाठी रक्कम धरलेली असते. कलावंताचे मानधन कधी असते, कधी शाल-श्रीफळावर भागते. बुरुडाचा एक दिवसाचा रोज मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही.

पूर्वी घरोघर कंदिलाचा सांगाडा माळ्यावर ठेवीत आणि दरवर्षी फक्त कागद बदलीत. जुना कागद भिजवून सोडविला जाई, सुटलेल्या गाठी पुन्हा बांधल्या जात आणि त्या निमित्ताने कंदील कसा बांधला आहे हे घरातल्या धाकट्यांना कळे. शाळेत असे पंचवीस-तीस सांगाडे एका खोलीत टांगून ठेवता येतील. सातवीच्या मुलांनी बांधलेले सांगाडे पुढच्या आश्विनात पाचवीच्या मुलांच्या हाती पडतील. त्यांतल्या काहींच्या गाठी तोवर सुटलेल्या असतील.